पॉलिपचा रिपोर्ट आला की आधी काय बघायचं

हिस्टोपॅथ लॅबमध्ये, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात तिथे, नोकरी आहे म्हटलं की नातेवाईक तुम्हाला डॉक्टरच करून टाकतात. मी टेक्निशियन आहे बाबांनो, मेणात बसवलेल्या तुकड्यांचे ब्लॉक कापते, स्लाइड रंगवते, निदान मॅडम (पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर) करतात, हे सांगून सांगून थकले, तरी दहिसरपासून डोंबिवलीपर्यंत कोणाचाही रिपोर्ट आला की पीडीएफ पहिली माझ्या व्हॉट्सॲपवर येते. हल्ली त्यात मोठ्या आतड्याच्या पॉलिपचे, म्हणजे आतल्या अस्तरावर उगवलेल्या उंचवट्यांचे, रिपोर्ट बरेच असतात, आणि मला दरवेळी तेच दिसतं, लोक ज्या ओळीला घाबरतात ती बऱ्याचदा तेवढी भयंकर नसते आणि खरी कामाची ओळ कोणी वाचतच नाही.

परवा मामीचा फोन. "अगं, यांच्या रिपोर्टात लो ग्रेड डिस्प्लेसिया लिहिलंय, गूगलवर बघितलं तर कॅन्सरच्या आधीची स्टेज म्हणतात, आता गं काय?" मामी रडायच्या बेतात. मी म्हटलं मामी, रिपोर्टात ट्युब्युलर ॲडिनोमा (पॉलिपचा एक प्रकार) लिहिलंय ना, मग लो ग्रेड डिस्प्लेसिया, म्हणजे पेशींचं रूप थोडं बिघडलेलं, असणारच, तो नसेल तर त्याला ॲडिनोमा म्हणतच नाहीत. म्हणजे ती काही वेगळी वाईट बातमी नाही, ॲडिनोमात कमीत कमी तेवढं असतंच. हाय ग्रेड लिहिलं असतं तर मी पण सावरून बसले असते, पण तोही कॅन्सर नव्हे. मोठ्या आतड्यात पेशी आतल्या अस्तराखालचा स्नायूचा पातळ थर, मस्क्युलॅरिस म्युकोझा, ओलांडून खालच्या सबम्युकोझात शिरल्या तरच त्याला पसरू शकणारा कॅन्सर म्हणतात. तोपर्यंत पॉलिप पूर्ण निघाला की त्या पॉलिपचा विषय संपला.

आता प्रकार. सगळ्यात साधा हायपरप्लास्टिक. बहुतेक वेळा पाच मिलिमीटरपेक्षा लहान, रेक्टम नाहीतर सिग्मॉइडमध्ये म्हणजे शेवटच्या भागात, आणि तिथला असा छोटा पॉलिप कॅन्सरकडे जात नाही असंच धरतात. इन्फ्लेमेटरी म्हणजे सूज येऊन गेल्यावर राहिलेले उंचवटे, अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या सुजेचा जुनाट आजार) वाल्यांना दिसतात, ते स्वतः कॅन्सर होत नाहीत पण कोलायटिस वर्षानुवर्षं असेल तर त्याचा धोका वेगळा असतो. लहान मुलांच्या शौचातून रक्त जातं तेव्हा बऱ्याचदा जुव्हेनाइल पॉलिप निघतो, एकटा असेल तर काढला की झालं.

मग येतो ॲडिनोमा, मामांचा तो. आतला आकार नळ्यांसारखा असेल तर ट्युब्युलर, लांब बोटांसारखा असेल तर व्हिलस, दोन्ही मिसळलेलं असेल तर ट्युब्युलोव्हिलस. ट्युब्युलर सगळ्यात जास्त सापडतो आणि त्यातल्या त्यात गरीब, व्हिलस भाग जेवढा जास्त तेवढी काळजी जास्त. एच अँड ई (स्लाइडचा नेहमीचा गुलाबी-निळा) रंग दिला की तो मला पण ओळखू येतो, नॉर्मल भाग गुलाबी निवांत आणि ॲडिनोमाचा भाग गडद निळा, न्यूक्लियस लांबट होऊन एकमेकांवर चढलेले. अर्थात मी गप्प बसते, सही मॅडमची असते.

ॲडिनोमाचा कॅन्सर एका रात्रीत होत नाही हे मला मामीच्या डोक्यात घालायचं होतं. १९९० मध्ये फिअरॉन आणि व्होगेलस्टाइन यांनी याची पायरीपायरीची मांडणी केली, पहिल्यांदा साधारण एपीसी जीन बिघडतो, पेशींच्या वाढीवरचा ब्रेक जातो, छोटा ॲडिनोमा बनतो, मग के-रास बिघडला की तो मोठा होतो, आणि बऱ्याच पुढे पी-५३ गेला की गाडी कॅन्सरकडे वळते. प्रत्येकात क्रम असाच असतो असं नाही, पण या सगळ्याला बहुतेकदा दहाएक वर्षं लागतात आणि बरेचसे ॲडिनोमा तर तिथपर्यंत पोचतच नाहीत. कोणता पोचेल हे आधी कळत नाही म्हणून दिसला की काढायचा. ज्यांच्यात एपीसीचा बिघाड जन्मापासूनच असतो, एफएपी म्हणतात त्याला, त्यांना तरुणपणीच शेकड्यांनी पॉलिप येतात, त्यांचं गणित पूर्ण वेगळं.

आणि आता जो कोणाच्या लक्षात येत नाही तो, सेसाइल सेरेटेड, म्हणजे बिनदेठाचा, करवतीच्या दातांसारख्या कडांचा. हा अळंबीसारखा देठावर उभा नसतो, उजव्या बाजूच्या आतड्यात चपटा पसरलेला असतो, वर चिकट म्युकसचा थर, रंग आजूबाजूच्या अस्तरासारखाच, त्यामुळे कोलोनोस्कोपीत, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून आतडं बघताना, निसटतो. बहुतेकांत डिस्प्लेसिया नसतो, त्यामुळे लोक रिपोर्ट वाचून खूश, "डिस्प्लेसिया नाही लिहिलंय, साधाच आहे." साधा नाही हो! त्याचा रस्ताच निराळा आहे, बी-रॅफ जीन बिघडतो, पुढे एमएलएच-१ नावाचा डीएनए दुरुस्तीचा जीन बंद पडू शकतो आणि मग चुका भराभर साठतात. मोठ्या आतड्याच्या साधारण १५ ते ३० टक्के कॅन्सरचा उगम या सेरेटेड वाटेने होतो असं मानतात. स्लाइडवर सुद्धा हा हायपरप्लास्टिकसारखा दिसून फसवतो, ग्रंथींचा तळ आडवा पसरलाय का हे बघावं लागतं, आणि तुकडा ब्लॉकमध्ये तिरका बसला तर तळ दिसतच नाही, म्हणून आमच्याकडे एम्बेडिंग करणाऱ्याला, म्हणजे तुकडा मेणात बसवणाऱ्याला, शिव्या बसतात (बऱ्याचदा मलाच).

तर रिपोर्टात बघायचं काय? प्रकार, आकार, संख्या, आणि पूर्ण निघाला का. दहा मिलिमीटर किंवा मोठा, किंवा व्हिलस, किंवा हाय ग्रेड, यातलं एक जरी असलं तरी ॲडिनोमा ॲडव्हान्स्ड. अमेरिकेतल्या २०२० च्या गाइडलाइनप्रमाणे दहा मिलिमीटरपेक्षा लहान एकदोन ट्युब्युलर असतील तर पुढची कोलोनोस्कोपी सात ते दहा वर्षांनी, ॲडव्हान्स्ड असेल तर तीन वर्षांनी, आणि वीस मिलिमीटर किंवा मोठा पॉलिप तुकड्या-तुकड्यात काढला असेल तर सहा महिन्यांनी. मामांचा एक बारा मिलिमीटरचा निघाला, म्हणजे तीन वर्षं. मामी डिस्प्लेसियावर अडकून बसली होती आणि हा बाराचा आकडा कोणीच वाचला नव्हता! घरात असा ॲडव्हान्स्ड पॉलिप निघाला तर मुलांनी, भावंडांनी पण डॉक्टरांना विचारायचं, त्यांची तपासणी साधारण चाळिशीपासून सुरू करायला सांगतात.

आपल्याकडे सरकारी स्क्रीनिंग तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं आहे, आतड्याचं नाही, त्यामुळे बहुतेकजण रक्त दिसल्यावरच जातात, ते पण आधी लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या मूळव्याध-भगंदरच्या जाहिरातीतल्या नंबरवर. मूळव्याध असेलही हो, पण आतून न बघता ठरवलं कोणी? आणि छोटे पॉलिप तर रक्त, दुखणं काहीच देत नाहीत. चाळिशी-पन्नाशीत, विशेषतः पुरुषाचं, हिमोग्लोबिन आयर्नअभावी उगाच उतरलं असेल तरी आतडं बघावं लागतं, नुसत्या गोळ्या खाऊन भागत नाही.

आणि कोलोनोस्कोपी ठरली तर पोट साफ करायची ती पावडर नीट घ्या. चव बेकार आहे, मान्य. बहुतेक ठिकाणी अर्धी आदल्या संध्याकाळी आणि अर्धी तपासणीच्या दिवशी पहाटे असते, आणि लोक नेमका पहाटेचा डोस चुकवतात, झोप येते म्हणून. मग उजव्या बाजूला घाण आणि म्युकस राहतो, आणि ते चपटे सेरेटेड नेमके तिथेच दडलेले असतात.