आमची वाटचाल : दांडिया बाजारातली विम्याची पेढी

बाबांनी १९८७ साली मेडिक्लेमची पहिली पॉलिसी विकली ती माझ्या आत्याच्या यजमानांना. चार सरकारी कंपन्यांनी मेडिक्लेम आदल्याच वर्षी आणला होता, बडोद्यात तो फारसा कुणाला ठाऊक नव्हता. आयुर्विमा लोकांना कळायचा, कारण त्यात वीस वर्षांनी पैसे परत मिळत. "म्हणजे आजारी पडलो नाही तर हप्ता बुडाला?" असं आत्याच्या यजमानांनी विचारलं. बाबा म्हणाले, "बुडाला. आणि बुडालेलाच बरा." या एका वाक्यावर पेढी उभी राहिली असं बाबा आजही सांगतात. माझ्या मते ती आत्याच्या भिडेखातर उभी राहिली.

पेढी म्हणजे दांडिया बाजारातल्या आमच्या घराची ओसरी, एक टेबल आणि एक लोखंडी कपाट. सुरुवातीची बरीच वर्षं विमा असून नसल्यासारखाच होता. आधी दवाखान्याचं बिल घरचं सोनं मोडून भरायचं आणि मग पावत्यांचा गठ्ठा घेऊन आमच्या ओसरीवर यायचं. बाबा पावत्या तारखेप्रमाणे लावून कागदांना टाचणी मारत, स्टेपलरच्या पिना नाही. कंपनीतला कारकून पिना उपसताना कागद फाडतो, असा त्यांचा अनुभव होता. २००० नंतर खाजगी कंपन्या आल्या, २००१ मध्ये टीपीएचे, म्हणजे कंपन्यांच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थांचे, नियम झाले आणि 'कॅशलेस' (दवाखान्याचं बिल परस्पर विम्यातून) हा शब्द बडोद्याच्या तोंडी बसला. शब्द आधी आला, सोय बऱ्याच उशिरा.

मी बीकॉम करून २००९ मध्ये पेढीत बसू लागले. विकणं मला जमत नव्हतं, आजही जमत नाही. मी क्लेम बघायला लागले आणि तिथेच आमचा खरा धंदा काय आहे ते कळलं.

२०१४ ची गोष्ट. राजमहाल रोडवरचे एक काका, बाबांचे जुने ग्राहक. दोन लाखांची पॉलिसी, एकही हप्ता चुकलेला नाही. पोटाचं ऑपरेशन झालं, बिल आलं १,६०,००० रुपये. विम्यातून मिळाले ८०,०००. काकू ओसरीवर येऊन नुसत्या बसून राहिल्या. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. झालं होतं असं: पॉलिसीत खोलीभाड्याला विमा रकमेच्या एक टक्का मर्यादा होती, म्हणजे दिवसाला २,००० रुपये. काकांनी घेतली ४,००० ची खोली, कारण तीच रिकामी होती. लोकांना वाटतं, वरचे दोन हजार आपल्या खिशातून जातील, बाकीचं मिळेल. तसं नव्हतं. खोली दुप्पट भाड्याची, तर डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, औषधं, सगळंच निम्म्यावर. हे पॉलिसीच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. बाबांनी ते वाचलं होतं, काकांना सांगितलं नव्हतं. त्या रात्री बाबा जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक ग्राहकाच्या फाइलवर लाल शाईने एकच आकडा लिहायला लागले: खोली किती रुपयांपर्यंत. ॲडमिशनच्या वेळी घरच्यांनी फक्त तेवढं विचारायचं. पुढे २०२० मध्ये विमा नियामकाने (आयआरडीएआय) या कपातीतून औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या वगळायला लावल्या. लाल आकडा आम्ही तरीही लिहितो.

करोनाबद्दल थोडक्यातच लिहिते. १ एप्रिल २०२० पासून सगळ्या कंपन्यांना आरोग्य संजीवनी ही एकसारख्या अटींची पॉलिसी विकणं भाग पडलं, जुलैत करोना कवच आली. दहा-दहा वर्षं "पुढच्या महिन्यात बघू" म्हणणारे रात्री अकराला फोन करायचे. "आई ऑक्सिजनवर आहे, आता पॉलिसी निघेल का?" नाही म्हणायचं काम मी केलं, कारण बाबांना ते झेपत नव्हतं.

खरी उलथापालथ झाली २०२४ मध्ये. पॉलिसीआधीच्या जुन्या आजारांचा खर्च मिळायला चार वर्षांपर्यंत थांबावं लागायचं, ते जास्तीत जास्त तीन वर्षांवर आलं. नवी पॉलिसी देण्याचं कंपन्यांवरचं बंधन ६५ वर्षांपर्यंतच होतं, ती चौकट गेली. कॅशलेसची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत देणं बंधनकारक झालं. उशीर झाला आणि दवाखान्याने जादा आकार लावला तर तो कंपनीने सोसायचा. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट: पॉलिसी सलग पाच वर्षं चालली की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय 'तुम्ही आजार लपवला' म्हणून क्लेम नाकारता येत नाही. आधी हीच मुदत आठ वर्षं होती.

गंमत पाहा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं. माझ्या कारेलीबागेतल्या घरी ग्राहकांनी विमा घेताना भरून दिलेले बाबांकडचे जुने प्रपोजल फॉर्म पेटीत ठेवलेले होते, कुणी बीपी लिहिलं आणि कुणी लिहिलं नाही याचे एकमेव पुरावे. सगळ्याचा लगदा झाला. बाबा दोन दिवस हळहळले. मी म्हटलं, "बाबा, आता त्या कागदांना कोण विचारतंय?"

पण दार उघडलं म्हणून सगळे आत आले असं नाही. ६५ ची चौकट गेल्यावर पहिल्याच आठवड्यात ६८ वर्षांचे एक काका आनंदाने आले, मधुमेहासकट हप्ता किती होईल ते विचारलं आणि चहा घेऊन गेले. आमच्या पेढीचं काम तिथे बदललं. माणसाला पॉलिसीत आणणं आता सोपं आहे. वयाबरोबर चढणाऱ्या हप्त्यातून त्याला बाहेर पडू न देणं अवघड. साठीनंतरच्यांचा हप्ता नियामकाला विचारल्याशिवाय वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा नाही, असा आदेश ३० जानेवारी २०२५ ला निघाला, तो मी छापून भिंतीला चिकटवलाय. त्यातही ३०,००० चा हप्ता तीन वर्षांत चाळीस हजारांच्या जवळ जातोच. मग आम्ही कागद घेऊन बसतो: मूळ पॉलिसी लहान करायची, वर सुपर टॉप-अप (ठरावीक रकमेपुढच्या खर्चाचा जोडविमा) घालायचा, पहिले अमुक रुपये स्वतः सोसायचे. पॉलिसी तुटू द्यायची नाही. एकदा तुटली की थांबण्याची वर्षं पहिल्यापासून.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. ३५,४०० भरणाऱ्याचे ३०,००० झाले. ग्राहकांनी पेढे आणले. आमच्या घरात मात्र वेगळा हिशेब चालला होता. कर माफ झाल्याने कंपन्यांनी स्वतःच्या खर्चावर भरलेला जीएसटी त्यांना वजा करून मिळेना, आणि बऱ्याच कंपन्यांनी तो भार आमच्या कमिशनमधून वळता केला. शंभराचे पंच्याऐंशी हाती यायला लागले. पेढे गोडच होते, तक्रार नाही. मकरपुऱ्यातल्या एका लहान कारखानदाराने विचारलं, "बेन, माझ्या कामगारांच्या ग्रुप पॉलिसीचं काय?" तिच्यावर १८ टक्के तसाच आहे. हे सांगताना मलाच ओशाळल्यासारखं झालं.

ज्या कामाचा आम्हांला एक पैसा मिळत नाही ते काम सध्या पेढीत सर्वांत जास्त चालतं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत आहेत. गुजरातमध्ये राज्य सरकारचं मोफत उपचारांचं 'मा' कार्ड २०१२ पासून होतंच, पण ते उत्पन्न बघून. पेन्शनवाल्या मराठी मंडळींनी ते कधी पाहिलंही नव्हतं. "आपल्यासाठी नसतं ते," असं त्यांचं पक्कं मत. आता शनिवारी दुपारी ओसरीवर आजी-आजोबांची रांग असते. खाजगी पॉलिसी असली तरी हे कार्ड मिळतं, हे प्रत्येकाला तीनदा सांगावं लागतं. बोटांचे ठसे उठत नाहीत, आधारला जोडलेला मोबाईल मुलाचा असतो आणि मुलगा असतो पुण्याला. मग व्हिडिओ कॉल, ओटीपी, "आई, जरा मोठ्याने बोल."

बाबांचं कार्ड सगळ्यांत शेवटी झालं. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. कार्ड हातात घेऊन त्यांनी दोन्ही बाजू नीट वाचल्या, सवयीने. मी विचारलं, "मग तुमची मेडिक्लेम बंद करायची का? यंदा हप्ता फार आलाय."

त्यांनी चष्मा काढला. कार्डावर जनरल वॉर्ड, ठरलेली पॅकेजं, यादीतले दवाखाने. पॉलिसीत आपली खोली, आपला डॉक्टर, असं मलाच शिकवायला लागले. मग म्हणाले, "शिवाय क्रमांक जुना आहे."

त्यांचं नूतनीकरण ११ डिसेंबरला असतं. मी ९ तारखेलाच भरून टाकलं.