लाइट आल्याचा निरोप: आमची वाटचाल

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही शेतीपंपांचे ऑटो स्टार्टर पॅनेल, म्हणजे लाइट आली की मोटर आपोआप चालू करणारी पेटी, बनवतो. कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर हे मोटर चालू-बंद करणारे आणि जपणारे भाग सगळेच बसवतात. आमचे नाव झाले ते पॅनेलमधून शेतकऱ्याच्या मोबाइलवर जाणाऱ्या निरोपामुळे. थ्री फेज आली, मोटर चालू झाली, विहिरीचे पाणी तुटल्याने ड्राय रनवर बंद पडली, हे घरबसल्या कळावे लागते, आणि शेतीच्या विजेची पाळी रात्रीची असेल तर ते मध्यरात्रीनंतर कळावे लागते. आधी आम्ही मिस्ड कॉल आणि एसएमएसवर काम भागवले. त्यात पैसे जात होते आणि पुढे दूरसंचार नियामक ट्रायची टेम्प्लेट नोंदणी, म्हणजे एसएमएसचा मजकूर आधी नोंदवण्याची सक्ती, आली. मार्च २०२१ मध्ये नोंदवलेल्या मजकुराशी न जुळणारे एसएमएस अडवायला सुरुवात झाली तेव्हा बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले होते. तोवर आम्ही मात्र आमच्या अ‍ॅपवर आणि इंटरनेटवरून फोनवर निरोप (पुश) पोहोचवणाऱ्या गूगलच्या एफसीएम सेवेवर स्थिरावलो होतो. ती निवडण्याचे कारण साधे होते: अँड्रॉइड फोनमधील गूगलची प्ले सर्व्हिसेस सर्व अ‍ॅप्ससाठी मिळून एकच जोडणी उघडी ठेवते, त्यामुळे प्रत्येक अ‍ॅपने आपापली जोडणी जागती ठेवून बॅटरी खाण्याची गरज उरत नाही.

मधली बरी वर्षे सोडून देतो. एका मोठ्या उपसा जलसिंचन संस्थेचे सर्व सभासदांसाठीचे काम आमच्याकडे येणार हे जवळजवळ ठरले होते आणि त्या भरवशावर आम्ही कॉन्टॅक्टर उधारीवर उचलले होते. ऐनवेळी एक स्पर्धक उभा राहिला. त्याने संस्थेच्या सभागृहात टेबलावर दोन फोन मांडले, दोन्ही चार्जरला लावलेले, दोन्हींचे स्क्रीन चालू, आणि पॅनेलची कळ दाबून दाखवली. त्याचा निरोप आधी वाजला, आमचा डोळ्याची पापणी लवण्याइतका मागून. संचालक मंडळाने टाळ्या वाजवल्या आणि काम त्याला गेले.

त्याची पद्धत खोटी होती असे मी म्हणत नाही. त्याने स्वतःच्या सर्व्हरपासून फोनपर्यंत एमक्यूटीटी या निरोप पाठवण्याच्या पद्धतीची थेट जोडणी ठेवली होती. मध्ये कोणी नसल्यामुळे जागा असलेल्या फोनवर ती जलदच चालते. पण जागा असलेला फोन मोजून काय उपयोग? अँड्रॉइड ६.० पासून, म्हणजे २०१५ पासून, चार्जर काढलेला, स्क्रीन बंद असलेला आणि न हललेला फोन डोझ नावाच्या झोपेत जातो, अ‍ॅप्सचे नेटवर्क तोडतो आणि अधूनमधून थोडा वेळच उघडतो. उशाशी ठेवलेला शेतकऱ्याचा फोन रात्री नेमका याच अवस्थेत असतो. त्या वेळी एफसीएमचा हाय प्रायॉरिटी, म्हणजे तातडीचा, निरोप फोनला जागे करतो, नॉर्मल प्रायॉरिटीचा नेटवर्क पुन्हा उघडण्याची वाट पाहत बसतो, आणि अ‍ॅपची स्वतःची जोडणी टिकवायची तर कायमची सूचना दाखवणारी फोरग्राउंड सर्व्हिस चालवावी लागते. काही फोन कंपन्यांची बॅटरी वाचवण्याची यंत्रणा तीही बंद करून टाकते. सभागृहात हे कोणी विचारले नाही.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. तांब्याच्या वायरवाल्याने उधारी थांबवली, दोन कारागीर शेजारच्या शेडमध्ये कामाला गेले आणि गाळ्याचे भाडे थकले. तगलो ते दोघांमुळे. एक माझे भागीदार. पूर्वी पॉलिटेक्निकमध्ये शिकवत असल्यामुळे वसाहतीत त्यांना सगळे ‘सर’ म्हणतात. त्यांनी मिरजेच्या दुकानांतून शेतकरी वापरतात तसले जुने फोन आणले, प्रत्येक कंपनीचा निदान एक, आणि एका फळीवर ओळीने मांडले. फोनचे घड्याळ आणि सर्व्हरचे घड्याळ कधीच जुळत नाही, म्हणून निरोप पोहोचताच फोनने उलट पोच द्यावी आणि जातायेतानाचा वेळ एकाच घड्याळावर मोजावा, अशी त्यांनी व्यवस्था केली. दिवसा ‘डम्पसिस बॅटरी अनप्लग’ आणि ‘डम्पसिस डिव्हाइसआयडल फोर्स-आयडल’ या आज्ञा देऊन फोन मुद्दाम झोपवायचे, आणि रात्री तीच चाचणी काहीही न करता पुन्हा घ्यायची. सर सरासरी लिहूच देत नसत. शंभरांतल्या सर्वांत उशिराच्या निरोपाला किती वेळ लागला एवढेच विचारत.

दुसरे म्हणजे शिरोळ तालुक्यातले आमचे अण्णा. गावातल्या बाकीच्यांनी पॅनेल बदलले, अण्णांनी नाही. त्यांच्या कालनिर्णयाच्या चौकोनांत पेन्सिलीने नोंदी असत: ‘२.१० लाइट, २.११ फोन’. एके दिवशी त्यांचा फोन आला, “आवो, मेसेज आला की, पर लाइट गेल्यावर आला.” त्या एका वाक्यावरून सरांनी मूळ शोधले. अँड्रॉइड ९ मध्ये फारसे न उघडले जाणारे अ‍ॅप ‘रेअर’ गटात जाते आणि त्याला दिवसाला फक्त ५ हाय प्रायॉरिटी निरोप मिळतात, पुढचे नॉर्मल धरले जातात. लाइट संध्याकाळी सारखी ये-जा करत होती, पाचांचा वाटा तिथेच संपत होता. मग पॅनेलमध्येच बदल केला: तिन्ही फेज काही काळ स्थिर राहिल्याशिवाय निरोप सुटत नाही. अँड्रॉइड १३ मध्ये ही मर्यादा उठली, पण नव्या गावी पॅनेल बसवताना जुने फोन किती आहेत हे आम्ही अजून विचारतो.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांनी विचारलेले नाही, तरी सांगतो. एफसीएमने मेसेज आयडी परत दिला म्हणजे त्याने निरोप स्वीकारला, पोहोचवला नव्हे. टीटीएल, म्हणजे निरोप किती वेळ राखून ठेवायचा ती मुदत, स्वतः लिहा. न लिहिल्यास फोन बंद असेल तर निरोप ४ आठवड्यांपर्यंत राखून ठेवला जातो, आणि ‘लाइट आली’ हा निरोप दुसऱ्या दिवशी पोहोचण्यापेक्षा न पोहोचलेला बरा. ‘आली’ आणि ‘गेली’ यांना एकच कोलॅप्स की, म्हणजे जुन्या निरोपाच्या जागी नवा बसवणारी खूण, द्या, म्हणजे थांबलेल्या निरोपांतला ताजा तेवढा उरेल. ड्राय रनसाठी मात्र केवळ पुशवर विसंबू नका, पॅनेलमधून कॉलही लावा. मोटर जळली तर रिवाइंडिंगचा खर्च तुमच्या सेकंदांतून भरून निघत नाही. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलांच्या आयफोनवर अ‍ॅपलच्या सेवेतून निरोप जातो, आणि गावाकडच्या वडिलांआधी मुलाला लाइट आल्याचे कळते, ही तक्रार आम्ही आनंदाने ऐकून घेतो.

स्पर्धकाची पॅनेले आजही त्या संस्थेत आहेत. बरेच सभासद स्वतंत्रपणे आमच्याकडे परतले, संस्था परतली नाही. तिच्या नव्या निविदेतही ‘निरोप कमीत कमी सेकंदांत पोहोचावा’ एवढीच अट आहे. चाचणी मध्यरात्रीनंतर, चार्जर काढून, सभासदांच्याच फोनवर आणि दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी हजर ठेवून घ्यावी, अशी लेखी हरकत आम्ही पोच घेऊन दाखल केली आहे.