क्रेटर लेक ते पॅसिफिक: छोट्या ट्रेलरसह चार रात्री

डोंगरातून समुद्राकडे जाणारा हा प्रवास आखताना आमची पहिली चूक झाली ती नकाशावर मैल मोजण्याची. ओरेगनमधील क्रेटर लेकपासून पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंतचे अंतर एका दिवसात सहज कापता येते. मात्र गाडीमागे 16 फुटी ट्रेलर, म्हणजे गाडीला जोडून ओढायचे चाकांवरचे छोटे घर असेल, तर उतार किती आहे आणि गाडी वळवायला जागा कुठे मिळेल, याचाच हिशेब आधी करावा लागतो. तो केल्यावर आम्ही चार रात्रींसाठी दोनच मुक्काम ठेवले: डायमंड लेक आणि विंचेस्टर बे.

पोर्टलंडहून निघताना पाण्याचे कॅन आणि तांदूळ-पिठाचे डबे ट्रेलरच्या मागच्या टोकाला रचले होते. महामार्गावर वेग घेताच ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागला. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण 10 ते 15 टक्के भार हिचवर, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यावर यावा लागतो, हे वाचलेले असूनही सामान भरण्याच्या घाईत विसरलो होतो. जड वस्तू चाकांच्या किंचित पुढे आणून ठेवल्यावर झुलणे थांबले.

डायमंड लेक सुमारे 5,200 फुटांवर आहे. दुसऱ्या दिवशी ट्रेलर तिथेच सोडून नुसत्या गाडीने क्रेटर लेकच्या काठावर गेलो आणि हाच निर्णय सर्वांत शहाणपणाचा ठरला, कारण तेथील थांब्यांवर साधी गाडी लावतानाही कसरत होते. सुमारे 7,700 वर्षांपूर्वी माउंट मझामा ज्वालामुखी उद्रेकानंतर खचला आणि त्या खळग्यात हे 1,943 फूट खोल सरोवर साचले. त्यात एकही नदी गाळ आणत नाही, पाणी केवळ हिमाचे आणि पावसाचे, म्हणून ती निळाई इतकी गडद दिसते. उत्तरेकडील रस्ता बर्फामुळे अनेकदा जूनपर्यंत बंद असतो, जुलैच्या सुरुवातीला डास हैराण करतात आणि ऑगस्टपासून वणव्यांच्या धुराची धास्ती असते. आम्ही सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो. गर्दी ओसरली होती, पण रात्री कडाक्याची थंडी होती. या उंचीवर उघड्या पातेल्यातला भात शिजता शिजत नाही, तेव्हा कुकर न्यावाच.

खरी परीक्षा 138 क्रमांकाच्या रस्त्यावर आहे. रोझबर्गपर्यंतच्या सुमारे 80 मैलांत हा रस्ता नॉर्थ अंपक्वा नदीच्या सोबतीने साडेचार हजारांहून अधिक फूट खाली उतरतो. सुरुवातीचे काही मैल मी ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी चालवली आणि वॉटसन धबधब्याजवळ थांबलो तेव्हा चाकांमधून जळका वास येत होता. ब्रेक निवेपर्यंत धबधबा निवांत पाहता आला, हे खरे. परंतु घाट सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा, ब्रेक दाबून लगेच सोडावा आणि मागे गाड्या साचल्या की पहिल्या रुंद जागी बाजूला व्हावे. वाटेत फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि इंधनाची टाकी भरून ठेवावी. पुढे 2020 च्या वणव्यात होरपळलेली झाडे मैलोन्‌मैल उभी दिसतात.

सदरलिनवरून एल्कटन गाठल्यावर 38 क्रमांकाचा रस्ता रुंदावत जाणाऱ्या अंपक्वा नदीकाठाने समुद्राकडे नेतो आणि रीड्सपोर्टच्या अलीकडे डीन क्रीकच्या कुरणात एल्क या मोठ्या हरणांचे कळप चरताना दिसतात. रोझबर्गला घाम पुसत होतो, किनाऱ्यावर उतरताच धुक्यात स्वेटर शोधू लागलो.

विंचेस्टर बेचा मुक्काम 1894 च्या अंपक्वा दीपगृहाजवळील स्टेट पार्कमध्ये होता. ओरेगनच्या अशा जागांचे आरक्षण सहा महिने आधी खुले होते; ट्रेलरची लांबी पाहूनच जागा निवडावी. तिथे ट्रेलर रिव्हर्स घेताना स्टिअरिंग खालच्या बाजूने धरावे आणि ट्रेलरचे मागचे टोक ज्या बाजूला न्यायचे त्याच बाजूला हात सरकवावा. ही युक्ती आम्हाला चौथ्या प्रयत्नात उमगली. तोवर शेजारच्या जागेवरचे आजोबा खुर्ची आमच्याकडे वळवून, कॉफीचा मग हातात घेऊन निवांत बसले होते.