उचलीचा हिशेब

ऑक्टोबर २०२४. बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातल्या एका गावात बारा कोयत्यांचा मागच्या ऊसतोडणी हंगामाचा हिशेब तपासायला आम्ही ऊसतोड कामगार संघटनेचे तिघे पारावर बसलो होतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून मिळणारी आगाऊ रक्कम, जोडीवरच मिळते. मुकादम म्हणजे मजुरांची टोळी जमवून कारखान्याला पुरवणारा.

जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला. म्हणजे लाखाची उचल फेडायला आधी ३६६ टन तोडावे लागत, आता २७३. ही वाढ लढून मिळाली, छोटी नाही. तरी रोजचा दीड टन धरला तर १८२ दिवस होतात आणि हंगाम तेवढा चालत नाही. राहिलेली बाकी नव्या उचलीत मिसळते. खरा घोळ वहीत असतो. कारखान्याच्या वजनकाट्यावरची पावती वाहनाच्या नावावर निघते. कोणत्या कोयत्याचा किती ऊस, हे मुकादमच लिहितो.

तीन जोड्यांच्या नावावर टन कमी लागलेले सापडले. तेवढ्यात एक मराठा गडी म्हणाला, "कामरेड, हिशेब कळला. पण लेकराच्या ॲडमिशनला कुणबी दाखला लागतोय, त्याचं बोला." शेजारचा वंजारी गडी लगेच म्हणाला, "म्हंजी आमच्या ताटातलंच घेणार." दहा हंगाम एका फडात राबलेली माणसं पाराच्या दोन कडांना सरकली.

ह्याच बीडने १९६७ ला क्रांतिसिंह नाना पाटलांना आणि १९७७ ला गंगाधरअप्पा बुरांडेंना लाल झेंड्यावर लोकसभेत पाठवलं. मग मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा, २७ जुलै १९७८ चा नामांतराचा ठराव आला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. डाव्यांचा गावातला आधार बराचसा जमीनवाल्या घरांचा होता. जे नामांतराच्या बाजूने उभे राहिले त्यांचा तो आधार सुटला. जे गप्प बसले त्यांनी दलितांचा विश्वास घालवला. जात मजुरीच्या प्रश्नाबरोबर आपोआप सुटेल, हे आमचं गृहीतक चुकीचं होतं. दरवाढ सगळ्यांना मिळते, त्यासाठी पक्षाकडे यावं लागत नाही. दाखला मात्र एका घराच्या नावाने निघतो आणि नोकरी-शिक्षणात दिसतो. शिवाय टोळी भावकीतून जमते. मुकादमाविरुद्ध तक्रार म्हणजे आपल्याच माणसाविरुद्ध तक्रार होते.

संध्याकाळपर्यंत पावत्यांच्या झेरॉक्स काढल्या. कमी लागलेल्या टनांच्या तक्रार-अर्जावर त्या तीन जोड्यांपैकी मातंग वस्तीतल्या एका बाईने पहिला अंगठा उठवला. बाकीच्या दोन जोड्यांनी सांगितलं, "इलेक्शन होऊ द्या, मग सही करतो." विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, आणि ते होताच टोळ्या कारखान्यांकडे निघणार होत्या.