मशीनवर नाव नव्हतं

तालुक्याच्या गावी मी घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याखालची संरक्षण अधिकारी आहे. बाई तक्रार घेऊन आली की घरगुती घटना अहवाल भरायचा, हे आमचं रोजचं काम. लोकांना वाटतं त्यात वळ आणि जखमाच लिहायच्या असतात. माझा वेळ जातो तो स्त्रीधनाच्या यादीत.

अशाच एका बाईला मी दोन तास बसवलं होतं. 'दागिने, भांडी' असं मोघम लिहिलं की सामान आणायच्या दिवशी सासरचे एकेका वाटीवर अडून बसतात. म्हणून मी खोदून विचारते. डबा पितळी की स्टीलचा? नाव घातलंय का? कुणाचं? लग्नातल्या भांड्यांवर आपल्याकडे नावं घालतात, त्यासारखा पुरावा नाही. तिनं डोळे मिटून फडताळ आठवलं आणि २७ भांडी सांगितली.

घर सासूच्या नावावर होतं. तेवढ्यावरून सुनेचा तिथं राहण्याचा हक्क नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलंय. मी तिला ते समजावलं. ती म्हणाली, "ताई, तिथं मला झोप लागायची नाही. माझं सामान तेवढं आणून द्या."

२००५ चा हा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारण ३ दिवसांत पडावी, अर्ज ६० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा. आम्हाला नुसता अंतरिम आदेश मिळायला चार महिने लागले. चार महिने ती भावाच्या घरी, भावजयीचा चेहरा बघत जेवत होती. याचा मला अजून राग येतो.

टेम्पो घेऊन गेलो. सोबत हवालदार आणि एक महिला शिपाई. अख्खी गल्ली दारात उभी; मार खाताना ती ओरडायची तेव्हा यातलं एकही दार उघडलं नव्हतं. शिपाई मुलगी भांडं उलटं करून नाव वाचायची, मी यादीवर खूण करायची. 'मामाकडून.' 'आत्याकडून.' सासूला बोलायला जागाच उरली नाही.

मग खिडकीतलं शिलाई मशीन. नवऱ्यानं कपाटातून पावती आणली, त्याच्या नावाची. हवालदार म्हणाले, "मॅडम, आदेशात स्त्रीधन लिहिलंय. हे कसं उचलू?"

मशीन तिनं बचत गटाच्या कर्जातून घेतलं होतं, हप्ते ब्लाउज शिवून फेडले होते. हे मला तिथं, त्या खोलीत कळलं. याच कायद्याच्या कलम १९ मध्ये स्त्रीधनाबरोबर तिच्या हक्काची इतर मालमत्ताही परत मागता येते. पण मी यादीत शेवटी एवढंच लिहिलं होतं: 'शिलाई मशीन, १ नग.' वाट्यांवरची नावं विचारणाऱ्या मला, ज्यावर तिचं पोट चालतं ते कुणाच्या पैशानं आलं, हे विचारायचं सुचलं नाही.

सुईखाली अर्धवट ब्लाउज तसाच होता. तिनं कापड दाबणारा घोडा वर केला, दोरा तोडला, ब्लाउज घडी करून पिशवीत ठेवला. "गिऱ्हाइकाचा आहे," एवढंच म्हणाली.

आता बचत गटाच्या रजिस्टरची नक्कल जोडून नवा अर्ज केलाय. तोवर ती हातानं साड्यांना फॉल लावून देते. दर सोमवारी माझ्याकडे येते आणि तारीख विचारते.