एडीएचडी, फेरिटिन आणि अपुरी झोप

प्रौढ वयात एडीएचडीचे, म्हणजे लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे अवघड जाणाऱ्या अवस्थेचे, निदान झाले की आजूबाजूची माणसे साधारणपणे दोन प्रकारचे सल्ले देतात. काहींचे म्हणणे असते की हा मेंदूच्या जडणघडणीचा प्रश्न आहे, त्यावर गोळी आहे, ती घ्यावी आणि विषय संपवावा. दुसरीकडे, विशेषतः घरातली वडीलधारी मंडळी, ठामपणे सांगतात की असे काही नसतेच. अंगात रक्त कमी असेल, झोप पुरत नसेल, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घे म्हणजे सगळे सुरळीत होईल. मी सांगलीत एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काम करते. चाळिशीच्या उंबरठ्यावर माझे निदान झाले आणि तेव्हापासून मी हे दोन्ही सल्ले ऐकत आले आहे. अनुभव आणि वाचन यांवरून माझे मत असे झाले आहे की ही दोन्ही म्हणणी एकमेकांना खोडून काढत नाहीत. एडीएचडी खरा आहे, आणि शरीरातल्या इतर कमतरता त्याचा भार वाढवतात हेही तितकेच खरे आहे. एकाकडे पाहताना दुसरे नजरेआड झाले, तर नुकसान त्या माणसाचेच होते.

निदानाच्या वेळी मनोविकारतज्ज्ञांनी मला शाळेची प्रगतिपुस्तके शोधून आणायला सांगितली, तेव्हा मला आश्चर्य वाटले होते. त्यामागचे कारण नंतर समजले. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निदान-नियमावलीनुसार एडीएचडीची काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात. त्याआधीच्या आवृत्तीत ही मर्यादा सात वर्षांची होती. शिवाय घर, शाळा, कचेरी अशा किमान दोन ठिकाणी त्यांचा त्रास व्हावा लागतो. आईने माझी प्रगतिपुस्तके पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवली होती. तिसरीपासून सातवीपर्यंत बाई बदलल्या, अक्षर बदलले, पण शेरा बदलला नाही: हुशार आहे, लक्ष नसते, वह्या अपूर्ण. या शेऱ्यांचे महत्त्व मला फार वाटते, कारण चाळिशीत कमी झालेल्या लोहामुळे तिसरीतल्या अपूर्ण वह्यांचा उलगडा होत नाही. अचानक मोठेपणी सुरू झालेला विसरभोळेपणा आणि जन्मभर सोबत असलेला वेंधळेपणा यांत डॉक्टर फरक करतात तो याच आधारावर, आणि म्हणूनच केवळ मोबाइलवरची प्रश्नावली भरून हे निदान करता येत नाही.

प्रत्यक्षात हे कसे असते, ते एका उदाहरणाने सांगते. शेतीकर्जाच्या प्रकरणात सातबारा उतारा, आठ-अ, जामीनदारांची कागदपत्रे आणि प्रत्येक पानावरच्या सह्या तपासायच्या असतात. सातबाऱ्यावरच्या इतर हक्कांच्या रकान्यात आधीच्या बोजाची नोंद आहे का, हे पाहण्यासाठी मी तो रकाना वाचते, शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचते आणि लक्षात येते की डोळे फिरले, अर्थ मात्र आत गेलाच नाही. मग पुन्हा पहिल्यापासून. त्याच विभागात हिशेबातली एखादी तफावत शोधायची वेळ आली, तर मी जेवणाची सुट्टी विसरून संध्याकाळपर्यंत जागची हलत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला यातून असेच वाटते की मनात आणले तर हिला जमते. लक्ष असते, ते हव्या त्या वेळी हव्या त्या कामावर वळवता येत नाही, हे समजावून सांगणे मला आजही अवघड जाते.

डॉक्टरांनी पहिल्या भेटीत औषधाआधी रक्ततपासणी लिहून दिली. त्यात हिमोग्लोबिन १२.१ आले. ग्रॅममधला हा आकडा प्रौढ स्त्रीसाठी असलेल्या १२ या मर्यादेच्या किंचित वर असल्याने आजवर प्रत्येक तपासणीनंतर मला रक्त चांगले आहे असेच सांगितले गेले होते. त्याखालच्या ओळीत फेरिटिन होते: ९. फेरिटिन म्हणजे शरीरात साठवलेल्या लोहाचा अंदाज. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे निरोगी प्रौढ व्यक्तीत ते १५ मायक्रोग्रॅम प्रतिलिटरच्या खाली गेले की लोहाची कमतरता मानतात. साठा संपत आला तरी हिमोग्लोबिन बराच काळ तग धरते, त्यामुळे केवळ हिमोग्लोबिन पाहणाऱ्याला ही कमतरता दिसत नाही. माझ्या बाबतीत कारण शोधायला लांब जावे लागले नाही. कित्येक वर्षे अंगावरून जास्त जात होते, आणि आमच्याकडे बायकांनी त्याविषयी बोलायची पद्धत नसल्याने ते बाईच्या जातीला असायचेच, असे म्हणून सोडून दिले जात होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांत रक्ताल्पता आढळली. ज्यांचे हिमोग्लोबिन अजून घसरलेले नाही, पण साठा रिता झाला आहे, अशा स्त्रिया या आकड्यात धरलेल्याच नाहीत.

लोहाचा आणि लक्षाचा संबंध केवळ थकव्यापुरता नाही. मेंदूत डोपामिन हे संदेशवाहक रसायन तयार होण्याच्या साखळीत टायरोसिन हायड्रॉक्सिलेज नावाचे विकर (एन्झाइम) लागते आणि ते लोहाशिवाय चालत नाही. एडीएचडीत ज्या रसायनांच्या कार्यात फरक असल्याचे मानले जाते, त्यांत डोपामिन महत्त्वाचे आहे. फ्रान्समध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एडीएचडी असलेल्या ५३ मुलांपैकी ८४ टक्के मुलांचे फेरिटिन ३० च्या खाली होते. तुलनेसाठी घेतलेल्या मुलांत हे प्रमाण १८ टक्के होते. त्याच संशोधकांनी २००८ मध्ये लोहाच्या गोळ्यांची छोटी चाचणी केली, तीत लक्षणांत काही सुधारणा दिसली. पुढच्या सर्व अभ्यासांत इतका ठळक फरक आढळला नाही, आणि म्हणून लोहाच्या कमतरतेला एडीएचडीचे कारण म्हणणे चुकीचे ठरेल. कमतरता असेल तर ती भरून काढावी, एवढे मात्र निर्विवाद आहे. ती तपासूनच भरावी, हेही सांगितले पाहिजे: थॅलेसेमियाचे वाहक असलेल्यांत हिमोग्लोबिन कमी असूनही लोह पुरेसे असू शकते, आणि अंगात दाह किंवा संसर्ग असताना फेरिटिन खोटेच वाढलेले दिसते.

मला गोळ्या एक दिवसाआड घ्यायला सांगितल्या, कारण रोजच्या मात्रेने शरीरात हेप्सिडिन हे लोहाचे शोषण आवरणारे संप्रेरक वाढते आणि दुसऱ्या दिवशीचे शोषण घटते. जेवणावर लगेच चहा घेण्याची सवय मोडावी लागली; चहातले घटक डाळी-भाज्यांतल्या लोहाचे शोषण रोखतात, तर लिंबू आणि आवळा ते वाढवतात. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे वेगळे उपचार सुरू झाले. काही महिन्यांनी जिना चढताना लागणारी धाप थांबली, दुपारी चारनंतर डोक्यावर येणारे जडपण ओसरले. रात्री अंथरुणावर पडले की पायांत वळवळ सुटायची आणि पाय हलवल्याशिवाय चैन पडायचे नाही, तेही पुष्कळ कमी झाले. गेले नाही ते म्हणजे वेळेचा अंदाज चुकणे, समोर दिसणारे काम सुरू न होणे, बोलता बोलता मूळ मुद्दा निसटणे. माझ्या मते यातूनच दोन्ही गोष्टींची हद्द स्पष्ट झाली. लोहामुळे जे होत होते ते लोहाने सुधारले. जे उरले ते माझे पहिल्यापासूनचे.

पायांच्या वळवळीचा संबंध झोपेशी, आणि झोपेचा लक्षाशी. पायांच्या अशा वळवळीच्या विकारात (रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम) फेरिटिन ७५ पर्यंत असले तरी डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात, म्हणजे सर्वसाधारण मर्यादा इथे पुरत नाही. एडीएचडी असलेल्या अनेक प्रौढांचे झोपेचे चक्रही पुढे सरकलेले असते. मध्यरात्रीपर्यंत डोळा लागत नाही आणि सकाळी कचेरी तर ठरलेल्या वेळीच उघडते. अपुऱ्या झोपेने कोणाचेही लक्ष ढळते, ज्याचे आधीच ढळलेले आहे त्याचे अधिक. मुलांच्या बाबतीत घोरण्याकडे फार दुर्लक्ष होते. गाढ झोपला आहे म्हणून घोरतो, असे कौतुकाने सांगितले जाते. वस्तुतः टॉन्सिल आणि नाकामागच्या ग्रंथी वाढून श्वास अडखळत असेल, तर ते मूल दिवसा सुस्तावण्याऐवजी चिडचिडे आणि अस्थिर होऊ शकते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत अशा मुलांवर लवकर शस्त्रक्रिया केल्यावर वागणूक, झोपेच्या तक्रारी आणि एकूण जगणे सुधारल्याचे पालकांनी सांगितले, मात्र लक्ष आणि नियोजनाच्या प्रत्यक्ष परीक्षेतले गुण लक्षणीय वाढले नाहीत. हा निष्कर्ष मला प्रामाणिक वाटतो, कारण तो पालकांना आशा देतो आणि अवास्तव अपेक्षाही लावून देत नाही.

थायरॉइडची तपासणी करावी, कारण त्यातील बिघाड साधा आणि उपचार करण्याजोगा असतो. बी-१२ ची कमतरता आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी घरांत, किती सर्रास आहे ते पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या दीर्घकालीन अभ्यासांनी दाखवून दिले आहे; तिच्यामुळे थकवा आणि विस्मरण होते, एडीएचडी होत नाही. साखरेविषयी प्रत्येक आई ऐकते, पण १९९५ साली अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात साखरेने मुलांचे वर्तन बिघडत असल्याचे आढळले नाही. कृत्रिम रंगांची गोष्ट थोडी वेगळी आहे. २००७ च्या ब्रिटिश अभ्यासात काही रंगांमुळे सर्वसामान्य मुलांतही चंचलता किंचित वाढल्याचे दिसले, आणि २०१० पासून युरोपीय संघात अशा पदार्थांवर इशारा छापावा लागतो.

हे सगळे वाचताना आईने मला एकदा विचारले, ‘तुझ्या वेळी पोटुशी असताना मी चतुर्थ्या-एकादश्या सोडल्या नव्हत्या, त्यामुळे तर झालं नसेल ना गं?’ इतकी वर्षे तिने हा प्रश्न मनात ठेवला असेल याची मला कल्पना नव्हती. तिला मी शांतपणे सांगितले की जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून एडीएचडीतील आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७४ टक्के मानला जातो. हा आकडा समाजातील माणसामाणसांतल्या फरकाविषयी आहे, एका व्यक्तीच्या आजाराची वाटणी त्यातून करता येत नाही. तरीही उपवासांना दोष देण्यापेक्षा तो पुष्कळ खरा आहे. माझे वडील तीन धंदे उत्साहाने सुरू करून अर्ध्यावर सोडणारे, कपाळावरचा चष्मा घरभर शोधणारे. त्यांची तपासणी कधी झाली नाही, होण्याचा काळही नव्हता. अकाली जन्म, जन्मावेळचे कमी वजन आणि बालपणी शरीरात गेलेले शिसे यांनी धोका वाढतो, असे अभ्यास सांगतात. भारतभर शिसेविरहित पेट्रोल २००० सालापासून आले, म्हणजे माझ्या पिढीचे सारे बालपण त्याआधीचे. गरोदरपणात घेतलेल्या पॅरासिटामॉलचा मुलांच्या एडीएचडीशी संबंध आहे का, यावरही बरीच चर्चा झाली, परंतु स्वीडनमधील जवळपास २५ लाख मुलांच्या २०२४ मधील अभ्यासात सख्ख्या भावंडांची तुलना करताच तो संबंध नाहीसा झाला. आयांच्या माथी दोष मारण्याआधी अशी तुलना पाहिली जावी, असे मला फार मनापासून वाटते.

लोहाचा साठा वाढल्यावर मला मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचे औषध सुरू झाले. आपल्याकडे ते अनुसूची एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत येते; डॉक्टरांना चिठ्ठी दोन प्रतींत लिहावी लागते, त्यातली एक औषध दुकानदार ठेवून घेतो आणि दोन वर्षे जपतो. गावातल्या बहुतेक दुकानांत ते नसतेच, त्यामुळे संपायच्या आठवडाभर आधीपासून विचारणा करावी लागते. सातबाऱ्याचा रकाना आता पहिल्या वाचनात डोक्यात शिरतो, हे माझ्यासाठी लहान नाही. दर भेटीत रक्तदाब आणि नाडी पाहतात. या औषधाचा एक परिणाम मात्र पूर्वीच्या प्रश्नाला जाऊन भिडतो: भूक मरते. दुपारचा डबा जसाच्या तसा घरी येऊ लागला आणि सासूबाईंनी तो उघडून पाहिल्यावरच मला जाणवले की लोह ज्या अन्नातून यायचे तेच आता पोटात जात नाही. तेव्हापासून गोळीआधी सकाळी भरपेट नाचणीची भाकरी किंवा मोडाची उसळ खाण्याचा नेम आहे, आणि फेरिटिनची फेरतपासणी डॉक्टरांनी वर्षातून दोनदा ठरवून दिली आहे.

सध्या पाळी अनियमित झाली आहे. पाळीच्या आधीच्या आठवड्यात तीच गोळी तितकी लागू पडत नाही असे मला सारखे वाटत होते. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा डोपामिनच्या कार्याशी संबंध असल्याने रजोनिवृत्तीच्या सुमारास अनेक स्त्रियांची लक्षणे वाढतात, असे मनोविकारतज्ज्ञांनी सांगितले, मात्र मात्रा बदलण्याआधी त्यांना नोंद हवी आहे. एका वहीत मी पाळीची तारीख, झोपेचे तास आणि गोळीची वेळ शेजारी शेजारी लिहिते. ती वही मनोविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघींनाही दाखवणार आहे, कारण आजपर्यंत त्या दोघींनी माझ्याविषयी एकमेकींशी कधी बोललेले नाही.