तुम्ही विचारलंत म्हणून : सायकलपटूंचाही लिलाव होतो का?

जानेवारी 2026 मध्ये पुणे जिल्ह्यातून 437 किलोमीटरची पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल स्पर्धा झाली, तेव्हापासून हा प्रश्न मला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळा विचारला जातो. पूर्वी तो फक्त सकाळी माझ्याबरोबर कात्रजचा घाट चढणारे चार-सहा जण विचारत. आता सोसायटीतले निवृत्त गृहस्थही विचारतात. अमुक संघातला अमुक गडी पुढच्या वर्षी दुसऱ्याच संघातून दिसणार आहे, हे त्यांनी कुठेतरी वाचलेले असते आणि त्यांना जाणून घ्यायचे असते की त्याला विकले कोणी, घेतले कितीला आणि आयपीएलसारखा हातोडा कुठे पडतो.

हातोडा कुठेच पडत नाही. युरोपातल्या व्यावसायिक रोड सायकलिंगमध्ये लिलाव नाही आणि फुटबॉलमध्ये असते तशी खेळाडूच्या विक्रीची बाजारपेठही नाही. लिलावात खेळाडूला जो संघ बोली जिंकेल तिकडे जावे लागते. इथे करार संपला की सायकलस्वार स्वतः संघ निवडतो, आणि ज्या संघाने त्याला लहानाचा मोठा केला त्याच्या हाती तो जाताना सहसा काहीच पडत नाही. करार बहुधा 31 डिसेंबरला संपतात. पुढच्या हंगामासाठी केलेले नवे करार 1 ऑगस्टपासून जाहीर करता येतात, असा यूसीआय या जागतिक संघटनेचा नियम आहे. अर्थात आपल्याकडे बैठक आधीच उरकलेली असते आणि कांदेपोह्यांचा कार्यक्रम नंतर नावापुरता होतो, तसाच हा नियम पाळला जातो. वसंत ऋतूतल्या शर्यती चालू असतानाच दलाल हॉटेलांच्या लॉबीत फिरू लागतात, जुलैमध्ये टूर द फ्रान्सच्या विश्रांतीच्या दिवशी कोण कुठे जाणार हे पत्रकारांना पाठ झालेले असते, आणि 1 ऑगस्टच्या सकाळी सगळे संघ आश्चर्याचा आव आणून स्वागताची छायाचित्रे प्रसिद्ध करतात.

विक्री का होत नाही, याचे कारण संघांच्या खिशात आहे. रस्त्यावरच्या शर्यतीला तिकीट नसते, प्रक्षेपणाचे हक्क स्पर्धेच्या आयोजकांकडे असतात, आणि टूर द फ्रान्स जिंकणाऱ्याला मिळणारे 5 लाख युरोसुद्धा परंपरेने सहकाऱ्यांमध्ये आणि कर्मचाऱ्यांमध्ये वाटले जातात. संघ चालतो तो जवळजवळ पूर्णपणे प्रायोजकाच्या पैशावर. प्रायोजक गेला की नाव जाते आणि पुष्कळदा संघही जातो. माझ्याकडे राबोबँक या डच बँकेच्या संघाची केशरी जर्सी आहे. ती घालून निघालो की एखादा तरी विचारतो, ‘‘तुम्ही बँकेत आहात का?’’ त्या बँकेने 2012 साली अंग काढून घेतले. पुढच्या वर्षी तोच संघ ब्लँको, म्हणजे ‘कोरा’, या नावाने धावला, मग बेल्किन झाला, मग लोटोएनएल-युम्बो, मग युम्बो-व्हिस्मा, आणि 2024 पासून त्याचे नाव व्हिस्मा-लीज अ बाइक असे आहे. पहिल्यांदा बँक, पुढे सुपरमार्केट, मग सॉफ्टवेअर, मग सायकल भाड्याने देणारी कंपनी. ज्या संघाच्या नावाचाच भरवसा नाही, त्याने माणसांची खरेदी-विक्री काय म्हणून करावी?

मग पैसे देऊन करार मोडलेच जात नाहीत का? जातात, आणि अलीकडे जास्तच जातात. ब्रॅडली विगिन्सचा 2010 सालचा करार गार्मिन संघाशी शिल्लक होता. तरी डिसेंबर 2009 मध्ये तो नव्याने उभ्या राहणाऱ्या स्काय संघात गेला आणि 2012 साली टूर द फ्रान्स जिंकणारा पहिला ब्रिटिश ठरला. अशा वेळी जुना संघ, नवा संघ आणि सायकलस्वार असे तिघे एका टेबलाशी बसून रक्कम ठरवतात, आणि ती आकडेवारी बहुधा त्या खोलीबाहेर येत नाही. बोलणी कधीकधी टेबलाशी बसण्याआधीच फिसकटतात. 9 डिसेंबर 2023 रोजी व्हिस्मा संघाने सियान आउटडेब्रुक्स हा तरुण बेल्जियन आपल्याकडे येत असल्याचे जाहीर केले, आणि त्याच दिवशी बोरा-हान्सग्रोहे संघाने जाहीर केले की त्याचा आपल्याशी 2024 अखेरपर्यंतचा करार आहे. एक वर, दोन मांडव. तडजोड होऊन तो व्हिस्माकडे गेला, पण एवढ्या गाजावाजाची गरज नव्हती असे मला आजही वाटते.

मात्र पैशांचा हा हिशेब सांगितला की विचारणाऱ्याचे समाधान होते आणि माझे होत नाही, कारण खरी देवघेव वेगळ्याच गोष्टीची असते. सायकलिंग हा एकाच्या नावावर जिंकला जाणारा सांघिक खेळ आहे. टूरमध्ये संघाचे आठ जण असतात. त्यांतला एक जिंकण्यासाठी धावतो, आणि बाकीचे त्याच्यापुढे वारा खातात, म्हणजे समोरचा वारा स्वतःच्या अंगावर झेलून त्याची ताकद वाचवतात, मागे संघाच्या गाडीपाशी जाऊन जर्सीच्या पाठीत पाण्याच्या सहा-सात बाटल्या कोंबून पुन्हा वर येतात, त्याचे चाक पंक्चर झाले तर आपले काढून देतात. त्यांना फ्रेंचमध्ये ‘डोमेस्टिक’ म्हणतात, म्हणजे सरळ अर्थाने घरगडी. म्हणून संघ बदलणारा माणूस पगाराइतकाच, किंवा त्याहून जास्त, एका प्रश्नाचा निकाल लावून घेत असतो : नव्या घरात मी कोणासाठी राबायचे आणि माझ्यासाठी कोण राबणार?

याचे सर्वांत बोलके उदाहरण मला 1985 सालचे वाटते. ग्रेग लेमाँड हा तरुण अमेरिकन तेव्हा रेनो संघात होता आणि 1984 च्या टूरमध्ये तिसरा आला होता, पण ती टूर लागोपाठ दुसऱ्यांदा जिंकणारा लोराँ फिन्याँ त्याच्याच संघात होता; म्हणजे रांगेत पुढे जागा नव्हती. बर्नार तापी या फ्रेंच उद्योजकाने त्याला आपल्या ला व्ही क्लेअर संघात आणले. सायकलिंगमधला दहा लाख डॉलरचा पहिला करार असा त्याचा उल्लेख होतो. लेमाँडने पैसे घेतले आणि एका रांगेतून उठून दुसऱ्या रांगेत जाऊन बसला, कारण तापीच्या संघाचा नायक होता बर्नार इनो, स्वतःही रेनो सोडून आलेला आणि तोवर चार टूर जिंकलेला. 1985 च्या टूरमध्ये इनो पडला, नाक मोडले, तरी आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी त्याच्याच अंगावर होती. पिरेनीज पर्वतात लूझ अर्दिदेनच्या टप्प्यावर लेमाँड पुढे निसटला होता आणि त्याच्या पायांत बळ होते. संघाच्या गाडीतून त्याला सांगण्यात आले की इनो मागे फार दूर नाही, तू जोर लावू नकोस. प्रत्यक्षात ते अंतर सांगितले त्याहून बरेच जास्त होते. लेमाँडने जोर आवरता घेतला आणि अखेर टूर 1 मिनिट 42 सेकंदांनी हरला. पुढच्या वर्षी इनोशी भर रस्त्यावर झुंजून त्याने ती जिंकली, हे खरे. पण दहा लाखांच्या करारात त्या दुपारची किंमत धरलेली होती का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

तीच गोष्ट अलीकडे प्रिमोझ रोग्लिच या स्लोव्हेनियन सायकलस्वाराच्या बाबतीत घडली. 2023 साली युम्बो-व्हिस्मा संघाने इटलीची जिरो, फ्रान्सची टूर आणि स्पेनची वुएल्टा या तिन्ही मोठ्या शर्यती जिंकल्या; जिरो रोग्लिचने, टूर योनास विंगेगोरने, आणि ज्याने या दोघांसाठी वर्षानुवर्षे डोंगरांत वारा खाल्ला त्या सेप कुस या अमेरिकन घरगड्याने वुएल्टा. पण वुएल्टा जिंकताना काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. आंग्लिरूच्या त्या भयंकर चढावर आघाडीची लाल जर्सी कुसच्या अंगावर होती, आणि त्याचेच दोन मालक त्याला मागे टाकून पुढे गेले. रोग्लिचने टप्पा जिंकला, विंगेगोर दुसरा आला, कुसची आघाडी विंगेगोरपुढे अवघी 8 सेकंदांची उरली. त्या संध्याकाळी संघाच्या बसमध्ये काय बोलणे झाले असेल, याची कल्पना ज्याने एकत्र कुटुंबात दिवाळीच्या दिवशी भांडण पाहिले आहे त्याला सहज येईल. दोन मालकांनी पुढचे दिवस कुसला साथ दिली, तिघेही पहिल्या तीन क्रमांकांवर उभे राहिले, आणि महिनाभराच्या आत, करार शिल्लक असताना, रोग्लिचने बोरा-हान्सग्रोहेकडे जाण्याचे जाहीर केले. तीन नायकांच्या घरात चौतिशीला टेकलेल्या माणसाला टूरची गादी मिळणार नव्हती. 2024 मध्ये त्याने नव्या संघातून चौथी वुएल्टा जिंकली. आणि आता त्याच संघात, रेड बुलच्या पैशाने मोठ्या झालेल्या, रेम्को एवेनपूल हा बेल्जियन आला आहे.

एवेनपूलची बातमी तुमच्यापैकी अनेकांपर्यंत पोहोचली होती, म्हणून त्याविषयी थोडे. तो कनिष्ठ गटातून थेट क्विक-स्टेप या बेल्जियन संघात 2019 साली आला, त्याआधी तो फुटबॉल खेळत होता. 2022 ची वुएल्टा आणि त्याच वर्षीचे जगज्जेतेपद, पॅरिस ऑलिंपिकमधली दोन सुवर्णपदके, 2024 च्या टूरमध्ये तिसरा क्रमांक, सगळे त्याच घरातले. करार 2026 अखेरपर्यंतचा होता. 2025 च्या टूरमध्ये पिरेनीजमधल्या तूरमालेच्या चढावर त्याने शर्यत सोडली आणि 5 ऑगस्टला तो एक वर्ष आधीच निघत असल्याचे जाहीर झाले. त्याला पैसे कमी होते असे कोणी म्हणणार नाही. पण त्याचा संघ मुळात एकदिवसीय शर्यतींचा आणि स्प्रिंटचा. डोंगरात शेवटच्या दहा किलोमीटरपर्यंत पुढे राहतील असे चार गडी त्याच्यासाठी तिथे नव्हते. नव्या संघात ते आहेत. मात्र त्यांतला फ्लोरियान लिपोवित्स स्वतःच 2025 च्या टूरमध्ये तिसरा आला आहे. रांग इथेही लागलेली आहे.

रांगेत उभे राहणे नको असेल तर एक पायरी खाली उतरण्याचा मार्गही असतो. टॉम पिडकॉक हा ब्रिटिश सायकलस्वार 2027 पर्यंतचा करार असताना डिसेंबर 2024 मध्ये इनिऑस या श्रीमंत संघातून बाहेर पडला आणि दुसऱ्या श्रेणीच्या क्यू36.5 संघात गेला. अनेकांनी त्याला वेड्यात काढले, मीही त्यांत होतो. 2025 च्या वुएल्टामध्ये तो तिसरा आला, तेव्हा मी माझे शब्द मुकाट्याने गिळले.

संघ माणसे घेतात त्यामागे गुणांचाही हिशेब असतो. तो थोडक्यात सांगतो, कारण तो कंटाळवाणा आहे. शर्यतींतल्या क्रमांकांसाठी मिळणाऱ्या दर तीन वर्षांच्या गुणांवरून वरच्या श्रेणीतले अठरा संघ ठरतात. 2022 अखेर लोटो आणि इस्रायल-प्रीमियर टेक हे संघ याच हिशेबात खाली गेले. त्यामुळे मोठी शर्यत न जिंकता छोट्या शर्यतींत सतत पाचवा-सहावा येणारा माणूस एकाएकी मौल्यवान झाला. जवळजवळ तळाला असलेल्या अस्ताना संघाने 2025 साठी असे गुण वेचणारे बरेच जण घेतले आणि श्रेणी टिकवली. हुशारी म्हणून मान्य. पाहायला मजा येत नाही.

मजा येते ती मार्क कॅव्हेंडिश या ब्रिटिश स्प्रिंटरची, म्हणजे शेवटच्या काही मीटरांत सुसाट सुटणाऱ्याची, कहाणी आठवताना. ऑक्टोबर 2020 मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तो एका शर्यतीनंतर कॅमेऱ्यासमोर रडला आणि ही कदाचित आपली शेवटची शर्यत असेल असे म्हणाला, कारण पुढच्या वर्षीसाठी संघच नव्हता. डिसेंबरमध्ये त्याच्या जुन्या क्विक-स्टेप संघाने त्याला एका वर्षासाठी घेतले, राखीव म्हणून. मुख्य स्प्रिंटर सॅम बेनेट गुडघ्याच्या दुखण्याने बाहेर पडला, कॅव्हेंडिशला ऐनवेळी टूरला नेले गेले, आणि त्याने चार टप्पे जिंकून एडी मर्क्स या बेल्जियन दिग्गजाच्या टूरमधल्या 34 टप्पा-विजयांशी बरोबरी केली. 2022 मध्ये त्याच संघाने त्याला टूरला नेले नाही. मग बी अँड बी हॉटेल्स या फ्रेंच संघात जाण्याची बोलणी झाली आणि प्रायोजक न मिळाल्याने तो संघच डिसेंबरमध्ये बुडाला. त्या संघातल्या सायकलस्वारांना ऐन नाताळाच्या तोंडावर नोकरी शोधावी लागली. जानेवारी 2023 मध्ये अस्तानाने कॅव्हेंडिशला घेतले, त्या वर्षी टूरमध्ये पडून त्याचे गळपट्टीचे हाड मोडले, आणि अस्तानाने पुढच्या वर्षासाठी केले ते माझ्या मते या सगळ्या व्यवहारांतले सर्वांत शहाणपणाचे काम होते : त्यांनी मिकेल मॉर्कॉव्ह या डॅनिश माणसाला आणले. शेवटच्या काही शे मीटरपर्यंत स्प्रिंटरला बरोबर चाकामागे घेऊन जाणे, एवढेच मॉर्कॉव्हचे काम. 2021 मध्ये ते त्याने कॅव्हेंडिशसाठी केले होते. कसलेला गवई बैठकीला जाताना आपला तबलजी सोबत नेतो, तसे. 3 जुलै 2024 रोजी सँ-व्हुलबा इथे पस्तिसावा विजय आला.

तर हातोडा नाही, पण डिसेंबरमधले एक दृश्य आहे, आणि शक्य झाले तर ते तुम्ही जरूर पाहा. स्पेनच्या किनाऱ्यावर, काल्पे-देनियाच्या आसपास, संघांची सराव शिबिरे भरतात. नवा माणूस नव्या सहकाऱ्यांबरोबर, नव्या कंपनीच्या सायकलवर, सीटची उंची दोन मिलिमीटरने वरखाली करत फिरत असतो. पण जुना करार 31 तारखेपर्यंत जिवंत असल्यामुळे त्याच्या अंगावर जुन्याच संघाची जर्सी असते, नाहीतर नाव-गाव नसलेली काळी. पंचवीस जणांच्या एकसारख्या रंगाच्या घोळक्यात तो एकटा वेगळा दिसतो, आणि चढ लागला की सगळे त्याच्याकडे चोरून पाहत असतात.